आकाशांतला दिवा आणि पहारेकऱ्याची वही

आकाशांत एखादा अनोळखी दिवा दिसला म्हणजे पृथ्वीवर त्याच्या मागोमाग दोन प्रकारचें लिखाण उत्पन्न होतें : एक कथा आणि दुसरा अहवाल. कथा त्याच रात्रीं जन्मास येते आणि सकाळपर्यंत चार गांवें फिरून येते. अहवालास महिने लागतात. तो दप्तरांत बांधला जातो, आणि ज्यांच्यासाठीं तो लिहिला त्यांपैकीं फारच थोड्यांच्या दृष्टीस पडतो. आमच्या टीकाकारांनीं कथेची चिकित्सा पुष्कळ केली आहे. अहवाल हेंहि गद्यच आहे, त्यांतहि लिहिणाऱ्याचा स्वभाव उमटतो, त्यांतहि प्रामाणिकपणाची व कसबाची परीक्षा होते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. लष्करानें रात्रीच्या आकाशांतील दिव्यांची चौकशी केल्याचीं जीं कांहीं प्रकरणें प्रसिद्ध आहेत, तीं आम्हीं अलीकडे पुन्हां वाचून काढलीं. त्यांवरून जे विचार सुचले ते वाचकांपुढें ठेवीत आहों.

या वाचनास निमित्त घडलें तें आमच्याच गांवीं. शके १९४४ च्या गुढीपाडव्याची, म्हणजे २ एप्रिल २०२२ ची ती संध्याकाळ. दोंडाईच्यास गुढ्या उतरवून झाल्या होत्या आणि दिवसभराचा उन्हाळा अंगांतून निघावा म्हणून घरोघरची मंडळी गच्चीवर बसली होती. पावणेआठाच्या सुमारास तेजाळ ठिपक्यांची एक रांग, मागें लांब शेपट्या ओढीत, संथपणें आकाश ओलांडून पूर्वेकडे गेली. शेजारच्या गच्चीवरून कोणी ओरडलें कीं विमान पेटलें. कोणी उल्का म्हणालें. कोणी क्षेपणास्त्राचें नांव घेतलें. शेजारच्या एक वृद्ध बाई तेवढ्या शांतपणें म्हणाल्या, “हाई चांदनी नही शे. चांदनी पयत नही.” त्या संध्याकाळीं आमच्या आळींत जेवढीं वाक्यें उच्चारलीं गेलीं, त्यांत पाहिलेल्याहून अधिक कांहींच न सांगणारें असें हें एकच वाक्य होतें.

पुढें उलगडा झाला. त्याच दिवशीं न्यूझीलंडमधून सुटलेल्या एका अग्निबाणाकडे प्रथम बोट दाखविलें गेलें. नंतर उपग्रहांच्या कक्षांचा हिशोब ठेवणारे खगोलज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनीं, चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ जातीच्या अग्निबाणाचा एक टप्पा वातावरणांत परत शिरून जळाला असावा, असें मत दिलें. गुजरात व मध्यप्रदेशापासून विदर्भापर्यंत लोकांनीं तो देखावा पाहिला होता. चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी या गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें एक कडें पडलेलें सांपडलें, आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनीं येऊन अवशेषांची पाहणी केली.

आम्हांस बोचली ती गोष्ट निराळीच. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पांचसहा शेजाऱ्यांस विचारिलें : दिवे किती होते? किती वेळ दिसले? डोक्यावरून गेले कीं उत्तरेच्या बाजूनें? प्रत्येकाचें उत्तर वेगळें आलें, आणि प्रत्येक उत्तर ठाम होतें. मग स्वतःसच विचारून पाहिलें, तेव्हां आमचेंहि उत्तर ठाम निघालें आणि त्यास आधार कांहीं नव्हता. हातांत घड्याळ होतें, घरांत कागद होता, पेन्सिल होती. परंतु किती वाजून किती मिनिटांनीं, कोणत्या झाडाच्या शेंड्यावरून कोणत्या छपराच्या कोपऱ्यापर्यंत तो प्रकाश गेला, याची एक ओळ आम्हीं लिहिली नाहीं. शिकलेलें म्हणविणारें सगळें घर साक्षीदार होतें, आणि साक्ष मात्र एकाचीहि नव्हती.

अशा प्रसंगीं खानदेशांतील माणसास इतिहासाचार्य राजवाडे आठवल्यावांचून राहत नाहींत. त्यांनीं १९२६ च्या अखेरीस धुळ्यास देह ठेविला आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ पुढल्याच वर्षीं तेथें स्थापन झालें. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढतांना त्यांनीं पानिपताच्या काळचीं पत्रें छापिलीं आणि त्या पत्रांच्या कसोटीवर बखरींस घांसून पाहिलें. त्या कसोटीचें मर्म आमच्या शब्दांत सांगावयाचें तर असें : बखर लिहिणारास शेवट ठाऊक असतो आणि पत्र लिहिणारास तो ठाऊक नसतो. पानिपतावर काय झालें हें माहीत असलेला मनुष्य प्रत्येक लहान गोष्टींत पुढील अनर्थाची चाहूल ऐकतो. पत्र लिहिणारा बिचारा दाणागोटा, पैका, नदीचें पाणी यांविषयींच लिहितो. आणि म्हणूनच त्याचा शब्द पुराव्यांत टिकतो. आकाशांतील दिव्यांविषयीं जें जें लिहिलें गेलें आहे, त्यास हीच कसोटी लावावी असें आम्हांस वाटतें. कोणतें लिखाण पत्र आहे आणि कोणतें बखर?

आपल्या देशापुरतें पाहूं गेल्यास या विषयांतील महत्त्वाचें प्रकरण लडाखचें. पँगाँग सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारें ४,३०० मीटर उंचीवर आहे, आणि भारत व चीन यांच्यामधील प्रत्यक्ष ताबारेषा त्याला छेदून जाते. ऑगस्ट २०१२ पासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत तेथल्या ठाकुंग भागांतील सैनिकांनीं आकाशांत पिंवळसर, तेजस्वी गोल पाहिल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकीं १५५ वेळां तो पदार्थ रेषा ओलांडून आपल्या बाजूस आल्याचें लिहिलें गेलें. शेजारच्या सैन्यानें हेरगिरीसाठीं ड्रोन सोडलीं असावींत, हा संशय स्वाभाविक होता. नोव्हेंबर २०१२ मध्यें हा विषय वृत्तपत्रांत व नियतकालिकांत आला, तेव्हां प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें हे गोल पलीकडच्या क्षितिजावरून वर येत, तीन ते पांच तास आकाशांतून हळू सरकत आणि मग नाहींसे होत. लष्करानें एक फिरतें रडार व लहरींचें पृथक्करण करणारें यंत्र डोंगरावर चढविलें. रडारास कांहीं दिसलें नाहीं, यंत्रास कांहीं ऐकूं आलें नाहीं. वैमानिकरहित विमान त्या दिशेनें पाठविलें; तें आपल्या उंचीच्या मर्यादेस पोहोंचलें आणि गोल तेथून दिसेनासा झाला.

अखेरीस प्रकरण बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे गेलें. या संस्थेची वेधशाळा लडाखमध्येंच हानले येथें सुमारें ४,५०० मीटर उंचीवर आहे. पदार्थ पृथ्वीवरचा कीं आकाशस्थ, एवढाच प्रश्न शास्त्रज्ञांपुढें होता. नोंदींतील वेळ, दिशा आणि उंची ग्रहांच्या गणितानें येणाऱ्या स्थानांशीं ताडून पाहिल्यावर उत्तर मिळालें, आणि जुलै २०१३ मध्यें तें जगजाहीर झालें : एक गोल गुरु होता आणि दुसरा शुक्र.

हें उत्तर वाचकास पडताळतां येण्याजोगें आहे. ऑगस्ट २०१२ च्या मध्यास शुक्र पहाटेच्या आकाशांत सूर्यापासून सुमारें ४६ अंश दूर, म्हणजे जितका दूर जाऊं शकतो तितका गेला होता. सूर्योदयापूर्वीं कित्येक तास तो पूर्वेस तळपत असे. ३ डिसेंबर २०१२ रोजीं गुरु सूर्याच्या बरोबर समोर आला. त्या दिवसांत तो सूर्यास्तास उगवे आणि रात्रभर दिसे. पृथ्वी आपल्याभोंवतीं फिरते म्हणून आकाशांतील प्रत्येक ज्योति तासास १५ अंश सरकते. तीन ते पांच तासांत ती ४५ ते ७५ अंश जाईल, हें साधें त्रैराशिक आहे. एखादी ज्योति डोंगराआडून उगवते, तितका वेळ सरकते आणि दुसऱ्या डोंगराआड अथवा उजाडत्या प्रकाशांत जाते, असें कोणी सांगितलें तर पहिला संशय ग्रहाचाच यावा. रडारास कांहीं दिसलें नाहीं हेंहि सरळ आहे. गुरु त्या वेळीं साठ कोटी किलोमीटरांहून अधिक दूर होता.

आतां या प्रकरणांतील लिखाणाची परीक्षा करूं. ‘रडारास दिसलें नाहीं’ हें पत्र आहे. ‘त्या अर्थीं तो पदार्थ धातूचा नसावा’ हें वाक्य त्या वेळच्या वृत्तांतांत छापून आलें, आणि तें बखर आहे. पहिलें वाक्य यंत्रानें सांगितलें. दुसऱ्यासाठीं लिहिणाऱ्यानें एवढें आधींच गृहीत धरलें कीं पदार्थ जवळ आहे. जवळ असूनहि दिसला नाहीं म्हणून तो धातूचा नाहीं. पण तो जवळ आहे हें कोणी मोजलें होतें? त्याच वृत्तांतांत, सप्टेंबरांत तीन दिवस पाहणी करणाऱ्या कांहीं खगोलज्ञांनीं हे पदार्थ ग्रह नव्हेत असें म्हटल्याचेंहि छापलें गेलें. या वाक्याचा भरवसा किती, हें पुढील वर्षीं कळून आलें. मोठ्या संस्थेचें नांव जोडल्यानें बखरीचें पत्र होत नाहीं.

सैनिकांच्या वहीसहि हीच कसोटी लावली पाहिजे. तेथें आम्ही पक्षपात करणार नाहीं. ३२९ वेळां दिवा दिसला, ही नोंद शुद्ध आहे. १५५ वेळां त्यानें रेषा ओलांडली, ही मात्र नोंद नव्हे. तो निर्णय आहे. रात्रीच्या अंधारांत, भोंवतीं झाड नाहीं, घर नाहीं, असा एकच ठिपका एकटक पाहत राहिलें तर तो स्थिर असला तरी हलल्यासारखा दिसतो. हा डोळ्याचा जुना गुण आहे. त्याचें अंतर तर डोळ्यास मुळींच कळत नाहीं. ज्याचें अंतर कळत नाहीं त्यानें जमिनीवरची रेषा ओलांडली कीं नाहीं हें कसें ठरणार? वहींत ‘काय दिसलें’ आणि ‘काय असावें’ असे दोन रकाने वेगळे असते, तर हा निर्णय पहिल्या रकान्यांत शिरला नसता.

हा भेद शब्दच्छलाचा नाहीं. १५ एप्रिल २०१३ रोजीं त्याच लडाखमध्यें, देपसांग येथें, दोन्ही सैन्यें तंबू ठोकून समोरासमोर उभीं राहिलीं आणि सुमारें तीन आठवडे देशाचा जीव टांगणीस लागला. शुक्राच्या नांवावर सीमोल्लंघनाचे अपराध मांडलेली वही आणि हा प्रसंग एकाच वर्षांतले आहेत. अशा दिवसांत कोणी त्या नोंदी पुरावा म्हणून पुढें केल्या असत्या आणि त्या खऱ्या मानल्या गेल्या असत्या, तर एका क्रियापदाची किंमत माणसांच्या प्राणांनीं द्यावी लागली असती. गद्य काळजीपूर्वक लिहावें असें आम्ही शाळेंतील मुलांस सांगतों, तें गुणांसाठीं. येथें गोष्ट त्याहून फार मोठी होती.

उलगडा झाल्यावर देशांतील व परदेशांतील वृत्तपत्रांनीं सैनिकांची थट्टा केली. ग्रहांस हेर समजणारे वीर, असा एकंदर सूर होता. हा सूर आम्हांस अन्यायाचा वाटतो. पहाऱ्यावरील मनुष्याचें काम अनोळखी गोष्ट पाहणें आणि कळविणें हें आहे. ओळखीची आहे असें समजून सोडून देणें हें नव्हे. विरळ, कोरड्या हवेंत शुक्र इतका तेजाळ होतो कीं त्याच्या उजेडांत सावली पडते. मैदानी प्रदेशांतील धुळीच्या आणि विजेच्या दिव्यांच्या आकाशाखालीं वाढलेल्या तरुणानें असा शुक्र पूर्वीं पाहिलेलाच नसतो. हाडें गोठविणाऱ्या थंडींत, महिनोगणती, त्यानें दिसलें तें लिहून ठेविलें. त्याची चूक झाली हें खरें. पण त्या चुकीबरोबरच तिच्या दुरुस्तीचें साधनहि त्यानें लिहून ठेविलें होतें. वेळ आणि दिशा लिहिली नसती तर गुरु आणि शुक्र यांचीं नांवें कधींच निघालीं नसतीं. थट्टा करणाऱ्यांनीं आपापल्या गच्चीवर जाऊन एक प्रश्न स्वतःस विचारावा : मीं आजवर किती ओळी लिहिल्या? आमचें उत्तर वर दिलेंच आहे.

परदेशांतील या विषयाचें वाङ्मय विपुल आहे. अमेरिकेच्या वायुदलानें १९४८ पासून १९६९ पर्यंत, तीन निरनिराळ्या नांवांखालीं, आकाशांतील अज्ञात पदार्थांची चौकशी चालविली. शेवटच्या ‘ब्लू बुक’ या नांवानें ती अधिक ओळखली जाते. एकंदर १२,६१८ प्रकरणें जमा झालीं आणि त्यांपैकीं ७०१ अज्ञात म्हणून शिल्लक राहिलीं. या चौकशीचे कांहीं काळ प्रमुख असलेले कॅप्टन एडवर्ड रपेल्ट यांनीं १९५६ सालीं आपल्या अनुभवांवर ग्रंथ लिहिला. ग्रंथ वाचनीय आहे. लढाऊ विमानानें एका अज्ञात पदार्थावर गोळ्या झाडल्याच्या हकीकतीनें त्याचा आरंभ होतो आणि वाचक लगेच गुंततो. पण गुंततो तो कथेंत. लष्करी अधिकाऱ्याची रोखठोक भाषा आणि गोष्टीवेल्हाळ माणसाची रंगत यांचें मिश्रण इतकें बेमालूम झालें आहे कीं कोणतें वाक्य दप्तरांतलें आणि कोणतें आठवणींतलें हें पुष्कळदां कळत नाहीं. पहिल्या आवृत्तींत प्रश्न खुला ठेवलेला आहे. पुढील आवृत्तींत तीन प्रकरणें वाढवून लेखकानें संशयवाद्यांची बाजू घेतली. मत बदलणें हा दोष नव्हे. पहिल्या सतरा प्रकरणांतील पुरावा तसाच ठेवून निकाल तेवढा फिरविला, आणि तो कां फिरला हें वाचकास मागील पानांवर बोट ठेवून दाखविलें नाहीं, हा दोष आहे.

याच चौकशीचे शास्त्रीय सल्लागार ज्योतिर्विद् ॲलन हायनेक यांच्यावरचा प्रसंगहि बोधप्रद आहे. मार्च १९६६ मध्यें मिशिगन प्रांतांत लोकांनीं दिवे पाहिले. दलदलींतील वायु पेटून असे दिवे दिसूं शकतात, असें हायनेक यांनीं वार्ताहरांस सांगितलें. आपल्याकडे ओलसर रानांतल्या ज्या उजेडास भुताची दिवटी म्हणतात, तोच हा प्रकार. स्पष्टीकरण मुळांत अशास्त्रीय नव्हतें. परंतु पुरती तपासणी होण्यापूर्वीं तें सांगितलें गेलें, आणि आपणांस वेड्यांत काढलें असें लोकांस वाटलें. देशभर हंसें झालें, संताप झाला, लोकप्रतिनिधींनीं चौकशीची मागणी केली. वेताळाची पालखी म्हणणारा खेडूत आणि दलदलीचा वायु म्हणणारा पंडित हे दोघेहि, पाहण्याआधीं बोलले, तर एकाच पंगतीस बसतात.

त्या गदारोळांतून कोलोरॅडो विद्यापीठाची चौकशी निघाली. एडवर्ड काँडन या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं झालेल्या या चौकशीचा अहवाल १९६९ च्या आरंभीं ग्रंथरूपानें निघाला. एकवीस वर्षांच्या या खटाटोपांतून विज्ञानाच्या ज्ञानांत भर पडली नाहीं आणि पुढेंहि पडण्याची आशा दिसत नाहीं, हा त्याचा निष्कर्ष. त्या वर्षाच्या डिसेंबरांत वायुदलानें आपलें दप्तर बंद करण्याचें जाहीर केलें. अहवालाची रचना मात्र टीकेस पात्र आहे. निष्कर्ष आरंभीं, प्रमुखांच्या हातचा. प्रकरणांचे तपशील मागें, निरनिराळ्या सहकाऱ्यांच्या हातचे. जो पुढचें प्रकरण वाचून ग्रंथ मिटतो त्यास सर्व कोडीं सुटलीं असें वाटतें. जो मागचीं पानें वाचतो त्यास उलगडा न झालेलीं प्रकरणें भेटतात. दोन्ही गोष्टी खऱ्या असूं शकतात. उलगडा न होणें हा कांहीं नवा शोध नव्हे. परंतु प्रस्तावना आणि ग्रंथ यांचा सूर जुळत नसला म्हणजे वाचकाचा विश्वास दोहोंवरूनहि उडतो. ग्रंथकारानें हें टाळावयास हवें होतें.

उरलेल्या ७०१ प्रकरणांचें काय करावयाचें? येथें पुष्कळांची गफलत होते. शेंकडा साडेपांचांचा हा हिस्सा कोणी परग्रहावरील पाहुण्यांच्या पदरांत घालतात, कोणी साक्षीदारांच्या मूर्खपणाच्या. दोन्ही पक्ष रिकामी जागा भरून काढण्यास उतावीळ असतात. आमच्या दोंडाईच्याच्या बाजारांत मिरचीचा ढीग लागतो, तेव्हां व्यापारी मूठभर मिरची उचलतो, मोडतो, बी पाहतो आणि मग भाव बोलतो. जो ढीग त्यानें मोडून पाहिला नाहीं त्याचा भाव तो बोलत नाहीं. आणि बोलला नाहीं म्हणून त्यास कोणी अडाणीहि म्हणत नाहीं. ‘अज्ञात’ या शब्दाचा अर्थ इतकाच : मोडून पाहण्याजोगें हातीं आलें नाहीं.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हें पुस्तक लिहिलें. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणाऱ्या गाढ्या पंडितानें सामान्य कुटुंबास अंगणांत नेऊन तारे दाखवावे, यांतच त्या पिढीचें मोठेपण आहे. नांवांत मौज आहे, आणि ती मौज ओळखीची आहे; ज्याची ओळख पटली तो तारा मग कधीं भीति घालीत नाहीं. खरें पाहतां ही ओळख खेड्यांत पुस्तकावांचूनहि होती. मोटेच्या दिवसांत शुक्राची चांदणी पाहून आमच्याकडचा शेतकरी उठत असे. त्याच्या नातवास ती चांदणी दाखवावी लागते, हा त्या नातवाचा अपराध नव्हे. रात्र उजळ झाली आणि आकाश फिकें पडलें. परंतु लडाखच्या पहाऱ्यावर जो तरुण उभा राहतो तो याच घरांतून जातो, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे दीक्षितांच्या पुस्तकासारखीं पुस्तकें घरांत असणें ही नुसती करमणुकीची बाब राहत नाहीं.

दुसरें नांव जयंत नारळीकरांचें. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस त्यांनीं ‘नारायण विनायक जगताप’ या नांवानें ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि ती पहिली आली. हेतु हा कीं परीक्षकांनीं नांव पाहूं नये, लिखाण पाहावें. साक्षीची परीक्षा कशी करावी याचा हा एक धडाच होय. त्यांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहांतील ‘धूमकेतू’ ही कथा आमच्या विषयास जवळची आहे. एक हौशी निरीक्षक रात्रीं जागून दुर्बिणींतून धूमकेतू शोधतो. तो पृथ्वीवर आदळेल असें गणितानें निघतें. शास्त्रज्ञ गुप्तपणें तें संकट टाळतात. आणि घरीं शांतीसाठीं केलेल्या होमास त्याचें श्रेय मिळतें. पात्रें पातळ आहेत, संवाद कित्येकदां पाठ्यपुस्तकी होतात, हे आक्षेप आम्हांस मान्य आहेत. परंतु आकाशांतील एकाच ज्योतीविषयीं एकाच घरांत पत्र आणि बखर हीं दोन्ही कशीं लिहिलीं जातात, आणि बखरीचाच जय कसा होतो, हें त्या कथेनें जसें दाखविलें आहे तसें मराठींत फारच थोड्या कथांनीं दाखविलें असेल. लेखकानें कोणास हिणविलें नाहीं, हा तिचा विशेष गुण. २०२५ च्या मे महिन्यांत नारळीकर निवर्तले. ही कथा मात्र अजून घरोघर वाचण्याजोगी आहे.

कोणी म्हणेल, उलगडा करून तुम्हीं काय मिळविलें? गूढ गोल होता, त्याचा शुक्र झाला. आश्चर्याची एक जागा कमी झाली. आम्हांस तसें वाटत नाहीं. लडाखच्या थंडींत एक तरुण एका ज्योतीकडे बंदूक सांवरून पाहत होता. ती ज्योति साठ कोटी किलोमीटरांवरून येत होती, आणि त्याच्या वहींतील आंकड्यांवरून बंगळूरास बसलेल्या माणसानें ती ओळखली. यांत आश्चर्य कमी आहे असें कोणास वाटत असेल तर त्याची आश्चर्याची भूक आम्हांस कळत नाहीं. गूढ कायम ठेवण्यासाठीं ज्यास तपशील नकोसे होतात त्याचें आकाशावर प्रेम नसतें; प्रेम असतें तें आपल्या कथेवर.

सारांश, या प्रकारच्या लिखाणाचे गुण तीन : जें पाहिलें तें त्याच वेळीं लिहावें, पाहिलेलें आणि वाटलेलें एका वाक्यांत मिसळूं नये, आणि जेथें पुरावा संपतो तेथें वाक्य संपवावें. हे गुण लष्करी अहवालास जितके लागतात तितकेच चरित्रास, प्रवासवर्णनास आणि इतिहासास लागतात, आणि टीकालेखासहि लागतात. लडाखच्या वहींत पहिला गुण पूर्ण होता, दुसरा अपुरा होता, आणि तिसरा शास्त्रज्ञांनीं पुरविला. त्या चौकशीस आम्ही म्हणूनच चांगलें लिखाण म्हणतों.

आमच्या गच्चीच्या दाराशीं त्या पाडव्यानंतर एक वही टांगली आहे आणि तिला दोऱ्यानें पेन्सिल बांधली आहे. पानावर वेळ, दिशा, उंची, किती वेळ दिसलें, असे रकाने आंखले आहेत. शेवटचा रकाना ‘काय असावें’ हा आहे. घरांतील मुलांस सांगून ठेविलें आहे कीं तो रकाना दुसऱ्या दिवशीं भरावा, आणि भरतां आला नाहीं तर मोकळा ठेवावा. आजवर त्यांत शुक्र पुष्कळदां आला आहे, विमानें आलीं आहेत, उपग्रह आले आहेत. दोन ओळींपुढें तो रकाना अजून मोकळा आहे, आणि त्याची घरांत कोणास लाज वाटत नाहीं.